"वरवर लागलं न बाई": छातीवरची चीर पाहायची कशी, बांधायची कशी, लिहायची कशी

सोयाबीनच्या सोंगणीत आमच्या ओपीडीत एक वाक्य रोज ऐकू येतं. "काई नाई न बाई, वरवर लागलं." पदराचा बोळा छातीवर दाबून बाई उभी असते. इळा (विळा) बरोबरच्या पोरीच्या हातात दिलेला असतो. सोंगणी गुत्त्यानं घेतलेली असते, म्हणून तिला पट्टी मारून लगेच वावरात परत जायचं असतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात २२ वर्षं नर्स आहे. या "वरवर"नं मला एकदा असं फसवलं की अजून आठवलं तरी पोटात गोळा येतो. माझ्या भाच्याला तर हाच शब्द दर आठवड्याला फसवतो. तो नागपुरात खोली करून राहतो आणि अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या कागदांचं मेडिकल कोडिंग करतो, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या इजा-उपचारांना पुस्तकातले ठरलेले कोड लावतो, त्यावरून बिल निघतं. तिथले डॉक्टर "सुपरफिशियल" लिहितात, इथे आमचे पेशंट "वरवर" म्हणतात. हे लिहिते आहे ते आमच्या आशाताईंसाठी, नव्यानं लागलेल्या नर्सपोरींसाठी, आणि बारावीनंतर कोडिंगचा क्लास लावून बसलेल्या गावोगावच्या पोरांसाठी. जखम वरवरची आहे हे पेशंटनं सांगायचं नसतं. ते आपण पाहून, मोजून ठरवायचं असतं.

आधी माझी चूक

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, पंचविशीतला एक पोरगा आला. बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होता. माशी बसली, बैलानं मान झटकली आणि शिंगाचं टोक उजव्या छातीत गेलं, स्तनाग्राच्या तीन बोटं खाली. शिंगं नुकतीच साळून रंगवलेली. जखमेच्या काठावर हिरव्या रंगाचा ठिपका लागलेला होता. भोक करंगळीच्या नखाएवढं, रक्त जवळपास नाहीच. पोरगा हसत होता, "बैलानं पोळ्याचा आहेर देल्ला" म्हणत होता. मी पुसलं, औषध लावलं, पट्टी मारली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, रजिस्टरला लिहिलं: छातीवर वरवरची जखम. सकाळचे दहा वाजले होते.

चार वाजता त्याला ऑटोत आडवं टाकून आणलं. "दम लागून रायला बाई." बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलं तर ८८. श्वास मोजला, मिनिटाला ३४. उजव्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवला, तर डावीकडे ऐकू येणारा वाऱ्याचा आवाज तिकडे नव्हताच. डॉक्टर साहेबांनी १०८ बोलावली, यवतमाळला पाठवलं. एक्स-रेमध्ये फुप्फुस आकसून बाजूला गेलं होतं आणि भोवती हवा भरली होती. छातीत नळी टाकली, सहा दिवसांनी पोरगा घरी आला.

मी सकाळी काय केलं नाही ते सांगते. श्वास मोजला नाही. शर्ट पूर्ण काढायला लावला नाही. पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला नाही. शिंग किती आत गेलं ते विचारलं नाही, आणि डॉक्टरांना दाखवलं नाही. भोकाची रुंदी पाहिली आणि ती खोली समजले.

पाहायचं कसं

बारीक अंगाच्या माणसात कातडीपासून फुप्फुसाच्या आवरणापर्यंतचं अंतर काही ठिकाणी दोन बोटंही नसतं. कातडी, थोडी चरबी, स्नायू, बरगड्यांमधलं मांस, संपलं. इळ्याची चीर लांब असते, पण तिचा तळ डोळ्याला दिसतो. शिंग, पराटीचं धसकट, तुरीचं खुंट, बांबूची टोकदार काडी, चाकूचं पातं, यांचं भोक लहान असतं आणि तळ दिसत नाही. ज्या जखमेचा तळ दिसत नाही तिला मी वरवरची म्हणत नाही, कितीही बारीक असो.

म्हणून माणूस बसवायचा, उजेडात आणायचा, वरचे सगळे कपडे काढायचे. बाई असेल तर पडदा लावा, दार ओढा, घरची एक बाई जवळ उभी करा, पण कपड्याच्या फटीतून बघू नका. पाठ बघा, दोन्ही काखा बघा. मारामारीच्या पेशंटच्या काखेत दुसरं भोक सापडतं, आणि ते त्याला स्वतःलाही माहीत नसतं.

मग विचारायचं. कशानं लागलं, ते हत्यार केवढं होतं, मोडून तुकडा आत राहिला का, किती वाजता लागलं, पडला की कुणी मारलं. "कुणी मारलं का" हे नातेवाइकांना बाहेर काढूनच विचारावं.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायची सवय आम्हा सगळ्यांना आहे, पण छातीच्या जखमेत ती नको. मोठ्या माणसाचा श्वास वीसच्या वर गेला तर कान टवकारायचे. बोटाच्या मशीनवर ९४ च्या खाली आकडा आला तर बोट पुसून, गरम करून परत लावा. तरी तोच आकडा राहिला तर पाठवायची तयारी करा. दोन्ही बाजूंना, पुढून आणि पाठीमागून, आवाज ऐका. मग जखमेच्या भोवतीच्या कातडीवर बोटं हलकेच दाबून फिरवा. मुरमुऱ्याच्या थैलीवर हात ठेवल्यावर जशी बारीक कुरकुर लागते, तशी बोटांना लागली तर कातडीखाली हवा शिरली आहे. ही कुरकुर एकदा हाताला लागली की विसरत नाही. आता नवीन पोरगी ड्युटीवर आली की असा पेशंट असताना तिचा हात धरून मी तिथे ठेवते.

जखमेत बोट, चिमटा, कापसाची काडी घालून खोली मोजायची नाही. पायाच्या जखमेत चालतं, छातीत नाही. बंद झालेली वाट आपणच उघडून द्यायचो, किंवा थांबलेलं रक्त परत सुरू करायचो.

जागा महत्त्वाची आहे. दोन्ही स्तनाग्रांच्या मधला भाग, वर हासळीच्या हाडापासून खाली बरगड्यांच्या काठापर्यंत, हा हृदयाचा चौकोन. इथलं भोक थेट पुढे पाठवायचं. दुसरी जागा लोकांना कळत नाही. श्वास सोडताना पोट आणि छाती यांमधला पडदा जवळपास स्तनाग्राच्या पातळीपर्यंत वर चढतो. म्हणजे स्तनाग्राच्या खाली लागलं तर आत फुप्फुस असेल किंवा उजवीकडे यकृत, डावीकडे प्लीहा असेल. माझ्या पोळ्याच्या पोराला तीन बोटं खाली लागलं होतं. शिंग थोडं खाली वळलं असतं तर गोष्ट नळीवर भागली नसती.

दम लागणं, खोकल्यात रक्त, कातडीखाली कुरकुर, जखमेतून श्वासाबरोबर बुडबुडे किंवा फुसफुस, एका बाजूला आवाज कमी, नाडी जोरात आणि हात गार, तळ न दिसणारं भोक, आत अडकलेली वस्तू, बरगडी दाबल्यावर कळ: यातलं एकही असलं तर ती वरवरची नाही. १०८ ला फोन करा. अडकलेली वस्तू उपटू नका, कापडाच्या गुंडाळ्या दोन्ही बाजूंना लावून ती हलू नये अशी बांधा. माणसाला अर्धं बसतं ठेवा, तोंडानं काही देऊ नका. फुसफुसणाऱ्या भोकात बोळा कोंबू नका आणि ते चारही बाजूंनी घट्ट चिकटवूनही टाकू नका. आत कोंडलेली हवा दुसरं फुप्फुस आणि हृदय दाबते. हवा बाहेर जाऊ देणारं खास झाकण असेल तर ते लावा. नसेल तर भोक उघडंच ठेवून माणसावरून नजर हलवू नका. झाकल्यावर दम वाढला तर झाकण लगेच काढा.

आणि सगळं ठीक दिसलं तरी भोकाच्या पेशंटला एक्स-रे हवाच, आणि पहिला चांगला आला तरी काही तासांनी दुसरा. हवा हळूहळू भरते. पोळ्याच्या त्या पोराला सहा तास लागले.

खरंच वरवर असेल तर

आता सोंगणीवाल्या बाईकडे येऊ. तळ दिसतो आहे, पिवळी चरबी दिसते, खालचा स्नायू शाबूत, श्वास १८, मशीनवर ९८, आवाज दोन्हीकडे सारखे. ही आपल्याच केंद्रात बांधता येणारी जखम.

स्वच्छ गॉजनं दहा मिनिटं दाबून धरा, घड्याळ पाहून. मधे मधे उचलून "थांबलं का" बघू नका, प्रत्येक वेळी नवी गुठळी मोडते.

जखमेवर आधीच काय काय लावून आणतात याची यादी मी एकदा केली होती. हळद, चुना, तंबाखूचा चुरा, गुल, चुलीची राख, चहापत्ती, रॉकेल, ट्रॅक्टरचं ग्रीस. एका काकांनी कापूस जाळून त्याची राख भरली होती, "आमच्या बुवाचं औषध हाय" म्हणाले. रागावून उपयोग नाही, पुढच्या वेळी दवाखान्यातच येणार नाहीत. मी एवढंच म्हणते, "काका, हे आता मला धुवावं लागते, तुम्हाले जास्त झोंबते." मग पुढच्या वेळी आपोआप कमी लावून आणतात.

धुणं हेच खरं औषध. सलाईन नसेल तर पिण्याचं स्वच्छ पाणी चालतं. २० मिलीच्या सिरिंजनं जोरात धार मारा, परत परत, तळाशी काडी-माती दिसेनाशी होईपर्यंत. हे तळ दिसणाऱ्या चिरेबद्दल बोलते आहे, भोकात धार मारायची नाही. आयोडीन भोवतालच्या कातडीला लावा. उघड्या मांसावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस काढायची हौस सोडून द्या, त्यानं चांगलं मांसही जळतं. केस असतील तर कात्रीनं कापा, वस्तरा फिरवू नका.

काठ आपोआप जुळत असतील आणि चीर फक्त कातडीतली असेल तर चिकटपट्ट्या पुरतात. पण आमच्याकडे मार्चपासून घाम असा सुटतो की पट्टी संध्याकाळपर्यंत लोंबते. उन्हाळ्यात मी डॉक्टर साहेबांना टाक्यांकडेच वळवते. छातीला ३-० किंवा ४-० जाडीचा नायलॉनचा धागा. बधिर करायला लिग्नोकेन: साध्या लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम धरा. दोन टक्क्यांच्या बाटलीत एका मिलीला २० मिलिग्रॅम असतं, म्हणजे ५० किलोच्या बाईला साडेसात मिलीच्या वर जायचं नाही. लांब चीर असली की हात सैल सुटतो, म्हणून हा आकडा आमच्या ड्रेसिंगच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवला आहे. टाके आठ ते दहा दिवसांनी काढायचे. छातीच्या मधल्या हाडावर जखम असेल तर आधीच सांगून ठेवा की इथे व्रण जाड होऊन उठायची प्रवृत्ती असते, नाहीतर नंतर "तुमी वाकडे टाके मारले" ऐकावं लागतं.

काही जखमा शिवायच्या नाहीत. कुत्र्याचा चावा त्यात पहिला. छातीवर चावा म्हणजे बहुतेक वेळा लहान मूल असतं, अंगणात बसलेलं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं. कातडी फुटली असेल तर रेबीजची लस आणि जखमेत, जखमेभोवती रेबीजचं सीरम (तयार प्रतिपिंडं), दोन्ही. कातडीत द्यायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. टाके मारावेच लागले तर सीरम भरल्यानंतर, सैल. माकड, रानडुक्कर यांच्या चाव्यालाही हेच. दुसरी न शिवायची जखम म्हणजे शेणामातीनं भरलेली आणि काल रात्रीची. ती धुवून, ओला गॉज ठेवून उघडी सोडावी आणि डॉक्टरांनी तीन-चार दिवसांनी बघून ठरवावं.

धनुर्वाताच्या लसीला गावात अजून "टीटी"च म्हणतात, पण २०१९ पासून आपल्याकडे टीडी आहे, त्यात घटसर्पाचा थोडा अंशही असतो. स्वच्छ चिरेला शेवटचा डोस दहा वर्षांच्या आतला असेल तर परत नको. मातीच्या, शेणाच्या, भोकाच्या जखमेला पाच वर्षं धरा. लहानपणीचे तीन डोस झालेत की नाही हेच माहीत नसेल आणि जखम घाण असेल, तर लसीसोबत धनुर्वाताचं इम्युनोग्लोब्युलिन २५० युनिट, दुसऱ्या बाजूला. साठीच्या पुढच्या पुरुषांना विशेष विचारा. बायकांना बाळंतपणात डोस मिळालेले असतात, या काकांना कधीच काही मिळालेलं नसतं.

स्वच्छ चिरेला अँटिबायोटिकची गरज नाही. पेशंटला ते पटत नाही, गोळी दिली नाही तर गावात जाऊन "काईच नाई देल्लं" सांगतात. पॅरासिटामॉल द्या.

घरी पाठवताना मी दोन गोष्टी बजावते, आणि त्या इथल्याच आहेत. फवारणीच्या पंपाचा पट्टा बरोबर छातीवरून जातो. सोळा लिटरचा पंप भरला की पट्टा जखमेवर घासतो, आणि गळलेलं औषध पट्ट्यातून थेट उघड्या जखमेत झिरपतं. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर दगावले. तेव्हापासून छातीवर जखम असलेल्या माणसाला मी सरळ सांगते: टाके निघून जखम भरेपर्यंत पंप पाठीवर घ्यायचा नाही, भावाला द्या, मजूर लावा. आणि वेचणीच्या बायकांना: कापसाची ओटी गळ्यात अडकवून छातीवर घेऊ नका, कमरेला बांधा. दम लागला, ताप आला, जखमेभोवती लाली पसरली, पू आला तर दहा दिवसांची वाट न पाहता या.

लिहायचं कसं

आता माझ्या रागाचा विषय. आपल्या दवाखान्यांत तीन अक्षरं सगळीकडे खपतात: सीएलडब्ल्यू. म्हणजे कंट्यूज्ड लॅसरेटेड वुंड, बोथट माऱ्यानं चेंगरून फाटलेली जखम. इळ्यानं कापलं, सीएलडब्ल्यू. टिनपत्र्यानं चिरलं, सीएलडब्ल्यू. ब्लेड मारलं, तरी सीएलडब्ल्यू.

फरक डोळ्यांना दिसतो. धारदार वस्तूची चीर, इन्साइज्ड, तिचे काठ सरळ असतात, केस स्वच्छ कापलेले असतात, तळाशी धागे नसतात. लांबी खोलीपेक्षा जास्त असते आणि एका टोकाला ती उथळ होत शेपटीसारखी निघून जाते. ती शेपूट हत्यार कुठून कुठे फिरलं ते सांगते. फाटलेल्या जखमेचे काठ वेडेवाकडे आणि खरचटलेले असतात, तळाशी कातड्याचे बारीक पूल अजून ताणलेले असतात. काटेरी तारेखालून सरपटताना लागलं तर एकमेकांशेजारी दोन-तीन ओरखडे असतात आणि एखाद्या ठिकाणी तारेचा काटा अडकून फाडलेलं असतं.

हत्याराच्या भांडणात हा फरक कोर्टात जातो. आमच्या एका जुन्या डॉक्टरांना साक्षीला उभं केलं तेव्हा समोरच्या वकिलानं एवढंच विचारलं, "साहेब, तुमच्या कागदावर बोथट मारा लिहिलाय, मग इळा कुठून आला?" पंधरा मिनिटं ते फक्त ती तीन अक्षरं समजावत होते. मारहाण असेल तर पोलिसांना कळवायची नोंद आधी, जखम झाकायच्या आत मोजमाप. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ११६ मध्ये जीव धोक्यात आणणारी, किंवा १५ दिवस तीव्र वेदना देणारी वा रोजची कामं बंद पाडणारी इजा गंभीर दुखापतीत येते. जुन्या कायद्यात हे २० दिवस होते. साधी की गंभीर हे डॉक्टर लिहितात, पण आपण टेपनं मोजून लिहिलेले सेंटिमीटर त्यांना लागतात.

आता भाच्याकडे

तो फोन करतो तेव्हा बहुतेक वेळा हाच प्रश्न असतो. "मावशी, कागदावर लिहिलंय 'सुपरफिशियल लॅसरेशन, चेस्ट, रिपेअर्ड'. आता काय करू?"

नवशिका कोडर "सुपरफिशियल" वाचतो आणि निदानाच्या कोडांच्या पुस्तकात (आयसीडी-१०) एस२० उघडतो, कारण त्या गटाचं नावच छातीची वरवरची इजा असं आहे. पण एस२० मध्ये खरचटणं, मुका मार, फोड, कीटकदंश, कातडीत अडकलेली कुसळ असल्या गोष्टी येतात. कातडी आरपार चिरली की ती उघडी जखम, आणि उघड्या जखमांचा गट एस२१. टाके पडले म्हणजे एस२१ च. डॉक्टरांचा "सुपरफिशियल" हा खोलीबद्दल असतो, पुस्तकातला इजेच्या प्रकाराबद्दल. शब्द एक, अर्थ दोन, आणि परीक्षेत इथेच मार्क जातात. त्याच जागेवर खरचटलेलंही असेल तर त्याचा वेगळा कोड लावायचा नाही, मोठी जखम त्याला पोटात घेते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये छातीच्या पुढच्या भिंतीची उघडी जखम म्हणजे एस२१.१, एवढंच. आपल्याकडे मोठ्या रुग्णालयांत वापर होतो तो याचा. अमेरिकेनं तेच झाड सात अक्षरांपर्यंत वाढवलं. उजव्या पुढच्या भिंतीवरची चीर, आत काही अडकलेलं नाही, छातीच्या पोकळीत शिरलेली नाही, उपचार सुरू: एस२१.१११ए. चौथ्या जागेवरचा १ म्हणजे पुढची भिंत, पोकळीत शिरलेली नाही. पाठीला २, पोकळीत शिरली तर पुढून ३, मागून ४. पाचवी जागा प्रकार सांगते: चीर १, आत वस्तू अडकलेली चीर २, भोक ३, वस्तू असलेलं भोक ४, चावा ५. सहावी बाजू: उजवी १, डावी २, लिहिलीच नाही तर ९. हा ९ म्हणजे डॉक्टरांच्या आळसाचा आकडा, असं भाचा म्हणतो. बिल परत येण्याची सुरुवात तिथून होते. कोडरनं अंदाजानं उजवी-डावी ठरवायची नाही, डॉक्टरांना लेखी विचारायचं.

शेवटचं अक्षर ए असतं ते जखमेवर प्रत्यक्ष उपचार चालू असेपर्यंत. टाके काढायला आला तर डी, जुन्या व्रणाचा त्रास घेऊन आला तर एस. टाके काढायचा वेगळा झेड कोड पुस्तकात आहे, पण इजेला तो लावायचा नाही. मूळ कोडलाच डी जोडायचा. आणि बाईच्या स्तनावरची चीर ही छातीच्या भिंतीची नव्हे, तिचं घर एस२१.० मध्ये वेगळं आहे.

गंमत म्हणून सांगते, आपण वर जो फरक इतका जपला, धारदार की फाटलेली, तो अमेरिकन पुस्तकात पुसला जातो. तिथल्या सूचीत "कट" शोधलं तर ते "लॅसरेशन पाहा" म्हणतं. म्हणजे आपल्या कोर्टासाठी जे चूक, ते तिथल्या बिलासाठी बरोबर. नागपुरात बसून दोन्ही डोक्यात ठेवायचं.

टाक्यांचा कोड निराळा, सीपीटीचा, म्हणजे उपचारांच्या कोडांच्या अमेरिकन यादीतला. धड, हातपाय आणि डोक्याच्या कातडीला एका थराचे साधे टाके: २.५ सेंटिमीटरपर्यंत १२००१, २.६ ते ७.५ ला १२००२, ७.६ ते १२.५ ला १२००४. छातीवर ३ आणि दंडावर ४ सेंटिमीटर असेल तर दोन कोड लावायचे नाहीत, एकाच गटातली लांबी बेरीज करून ७, म्हणजे १२००२. निदानाचे कोड मात्र दोन वेगळे. खालच्या थरालाही टाके घातले तर १२०३१ पासूनची रांग. नुसत्या चिकटपट्ट्या लावल्या तर टाक्यांचा कोडच नाही, ते तपासणीच्या फीमध्ये गेलं. म्हणून "चार टाके घातले" असं लिहिलेलं बिलाला काही कामाचं नाही. टाके चार असोत की चौदा, सेंटिमीटर हवेत.

कशानं लागलं त्याचाही कोड असतो, अशा अपघातांचा डब्ल्यू अक्षरानं. इळा, कुऱ्हाड अशा हातच्या हत्यारांना डब्ल्यू२७, शेतीच्या यंत्रांना डब्ल्यू३०. बैलानं मारलं तर अमेरिकन पुस्तक त्याला गाईच्या खात्यात टाकतं, डब्ल्यू५५.२२एक्सए. भाच्यानं हे सांगितलं तेव्हा मी पोळ्याच्या त्या पोराचा कागद डोळ्यापुढे आणला. माझ्या रजिस्टरवरून कोड निघाला असता एस२०.३, पुढच्या भिंतीची किरकोळ इजा. खरा कोड होता एस२१.३३१ए, उजव्या पुढच्या भिंतीचं पोकळीत शिरलेलं भोक, आणि जोडीला एस२७.०एक्सएक्सए, इजेनं छातीत भरलेली हवा.

आता सोंगणीवाली बाई उठायच्या आधी मी रजिस्टरला अशी ओळ लिहिते, हात कितीही दुखत असला तरी:

"सकाळी ९.१५ ला वावरात सोयाबीन सोंगताना स्वतःचा इळा घसरून. उजवी छाती पुढून, हासळीच्या हाडाखाली ५ सेंमी, स्तनावर नाही. धारदार चीर, ४.० सेंमी लांब, कातडी व चरबी, स्नायू शाबूत, तळ दिसतो, आत काही नाही. शेपूट बाहेरच्या बाजूला. श्वास १८, ऑक्सिजन ९८, दोन्हीकडे आवाज सारखे, कुरकुर नाही. सलाईननं धुतली. लिग्नोकेन २ टक्के ४ मिली. एका थरात टाके ५, नायलॉन ३-०. टीडी दिली. टाके नवव्या दिवशी. फवारणी पंप, ओटी बंद."

आणि मग बाई विचारते, "झालं का बाई? जाऊ आता?"